सहाशे ओळींचा रीडमी, आणि तरीही फोन येतोच

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लहान ग्रंथालयांसाठी पुस्तकं, सभासद आणि देवघेव यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर तुम्ही पायथन भाषेत आणि जँगो या तिच्या वेब-चौकटीत लिहिलंत, मुक्त स्रोत म्हणून गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर टाकलंत, आणि पुणे जिल्ह्यातली काही ‘क’ आणि ‘ड’ वर्गातली ग्रंथालयं ते वापरायला लागली. रीडमी, म्हणजे प्रकल्पासोबतची ओळख आणि सूचनांची फाइल, वाढत वाढत सहाशे ओळींवर गेला. उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), विंडोज, डॉकर (सॉफ्टवेअर बंद डब्यात चालवण्याचं साधन), रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), सगळं त्यात आहे. तरी आठवड्यातून एकदा कोणीतरी फोन करून विचारतंच, "बसवायचं कसं?" आता तुम्ही विचारताय की इन्स्टॉलेशनची वेगळी फाइल काढावी का, आणि ती मराठीत असावी की इंग्रजीत.

वेगळी फाइल काढा. पण तेवढ्याने फोन थांबणार नाहीत. तुमचा रीडमी मी काल रात्री वरपासून खालपर्यंत वाचला. पहिल्या पन्नास ओळी प्रकल्प का सुरू केला, आभार आणि चार रंगीत बॅज यांत जातात. मग उबुंटू. मधेच टेस्ट, म्हणजे कोडच्या चाचण्या, कशा चालवायच्या ते. मग विंडोज, आणि विंडोजच्या चौथ्या पायरीवर लिहिलंय, ‘वरच्याप्रमाणेच डेटाबेस तयार करून घ्या.’ वर म्हणजे कुठे? मी शोधलं. दीडशे ओळी मागे, उबुंटूच्या भागात ती कमांड आहे. ती सुडो लावून (म्हणजे लिनक्सवर दुसऱ्याच्या अधिकाराने) पोस्टग्रेस या डेटाबेसच्या त्याच नावाच्या युजरकडून चालवायची आहे, विंडोजवर ती तशी चालतच नाही. निम्मे फोन त्या एका ओळीमुळे येत असतील असा माझा अंदाज आहे.

फाइली किती हा नंतरचा प्रश्न. तुमची खरी अडचण अशी की एकाच पानावर तुम्ही तीन माणसांशी एकदम बोलताय. एक, ग्रंथालयातला पीसी सांभाळणारा माणूस: बहुतेकदा ग्रंथपाल स्वतः, नाहीतर कार्यकारिणीतल्या कुणाचा तरी कॉलेजात जाणारा मुलगा. त्याला लॉगिनचा पडदा दिसला की काम झालं. दुसरा, पाच-सात ग्रंथालयांसाठी एका सर्व्हरवर हे चालवणारा. त्याला पोस्टग्रेस, बॅकअप आणि नवी आवृत्ती आल्यावर जुना डेटा कसा न्यायचा हे हवं असतं. तिसरा, कोडमध्ये हात घालणारा. तिघेही ‘इन्स्टॉल’ हाच शब्द वापरतात आणि तिघांच्या मनात त्याचा अर्थ वेगळा असतो. पहिल्याला टेस्टचा भाग दिसला की वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. तो तिथेच थांबतो आणि फोन उचलतो.

परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं हेही खरं. तुमची एखादी पायथन लायब्ररी असती (पुस्तकांची नाही, कोडची), तर पिप या पायथनच्या इन्स्टॉलरची एक ओळ आणि पाच ओळींचं उदाहरण एवढ्यात रीडमी संपला असता, वेगळी फाइल काढणं म्हणजे उगाच सोपस्कार. वाचणारे सगळे प्रोग्रामरच असते तर विंडोजचा भाग बराच छाटता आला असता. आणि विंडोजसाठी डबल क्लिकचा इन्स्टॉलर बनवता आला, तर पहिल्या माणसाच्या सूचना अर्ध्या पानावर येतात. ते काम किचकट आहे, ठाऊक आहे मला. पण आजवर फोनवर घालवलेले तास मोजा आणि मग ठरवा. कोहा हे मोठं मुक्त ग्रंथालय सॉफ्टवेअरही डेबियन या लिनक्सच्या तयार पॅकेजमधून बसवा अशीच शिफारस करतं. वीस मार्ग शक्य असतात, त्यातला एक ते पुढे करतात.

इन्स्टॉल नावाची वेगळी फाइल ही काही नवी गोष्ट नाही. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या प्रकल्पांत ती पद्धत फार जुनी. ऑटोमेक या त्यांच्या बांधणीच्या साधनाला वेगळं सांगितलं नाही तर ते रीडमी, न्यूज, ऑथर्स, चेंजलॉग, इन्स्टॉल, कॉपीइंग या फाइली असायलाच हव्यात असं धरतो. नावं मोठ्या अक्षरांत, कारण जुन्या पद्धतीच्या यादीत मोठी अक्षरं लहान अक्षरांच्या आधी लागतात आणि फाइल वर दिसते. तेव्हा ते शहाणपणाचं होतं. पण त्या इन्स्टॉल फाइलीचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. ऑटोमेकच्या जोडीच्या ऑटोकॉन्फसोबत एक सर्वसाधारण फाइल येते, तीच बहुतेकांनी जशीच्या तशी आपल्या प्रकल्पात ठेवली. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल या कमांड, आणि पुढे क्रॉस कंपाइलिंगपर्यंत (दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कोड बांधणं) सगळं. हजारो प्रकल्पांत एकच मजकूर. परिणाम असा की लोकांनी ती फाइल उघडणंच सोडलं. मी कॉलेजात असताना पुणे ग्नू लिनक्स युजर्स ग्रुपच्या, म्हणजे ‘प्लग’च्या लोकांकडून लिनक्स शिकले. तिथल्या एका दादाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "इन्स्टॉल वाचू नकोस, रीडमीत शेवटून वाच." त्याचं बरोबर होतं, आणि हीच त्या फाइलीची शोकांतिका.

गिटहबवर तर आणखी एक बारीक गोष्ट आहे. काही फाइलींना तिथे मान मिळतो. रीडमी पानावर उलगडून दिसतो. कोणी इश्यू (तक्रार) किंवा पुल रिक्वेस्ट (कोडमधला सुचवलेला बदल) उघडायला गेलं की कंट्रिब्यूटिंग, म्हणजे हातभार कसा लावायचा त्या फाइलीचा दुवा आपोआप पुढे येतो. इन्स्टॉल फाइलीला असा मान नाही, ती यादीत नुसती पडून राहते. म्हणून वेगळी काढलीत तर रीडमीतून तिचा दुवा पहिल्या पडद्यावरच हवा, आणि दुव्याच्या शब्दांत कोणासाठी ते हवं. ‘अधिक माहिती’ असा दुवा कोणी उघडत नाही. ‘ग्रंथालयातल्या विंडोज पीसीवर बसवण्यासाठी’ असा असेल तर ज्याचं त्याला कळतं. दुवे रिपॉझिटरीतल्या (प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्यातल्या) रिपॉझिटरीत सापेक्ष ठेवा, पूर्ण पत्ता न देता, म्हणजे कोणी फोर्क केलं, आपली प्रत काढली, तरी तुटत नाहीत. फक्त हाच रीडमी पायपीआय या पायथन पॅकेजच्या साठ्यावर जाणार असेल तर उलट होतं: तिथे सापेक्ष चित्रं दिसत नाहीत, पूर्ण पत्ता द्यावा लागतो.

तर मांडणी. तुमच्या जागी मी असं करेन. रीडमी एका पडद्याचा, फार तर दोन. वर दोन वाक्यांत हे काय आहे. लगेच एक स्क्रीनशॉट, देवघेवीच्या पडद्याचा, कारण ग्रंथपालाला त्यावरून क्षणात कळतं की हे आपल्या कामाचं आहे की नाही. मग एकच मार्ग, सगळ्यांत जास्त लोक वापरतात तो, पहिल्या कमांडपासून लॉगिनच्या पडद्यापर्यंत. त्याखाली तीन दुवे तीन माणसांसाठी. मग लायसन्स. संपलं. प्रकल्पाची जन्मकथा मला मनापासून आवडली, तिला वेगळं पान द्या. रास्पबेरी पायचा भाग सरळ विकीत टाका, किंवा ज्याने तो लिहिला त्याचं नाव आणि तारीख घालून ठेवा. तुम्ही स्वतः पायवर कधी चालवून बघितलेलं नाही, हे वाचताना कळतं.

पहिल्या मार्गात पोस्टग्रेस नको. जँगो मुळातच एसक्यूलाइट या एका फाइलीतल्या डेटाबेसवर चालतं, एका पीसीच्या ग्रंथालयाला तेवढं पुष्कळ झालं. तुमच्या लागणाऱ्या पॅकेजच्या यादीत सायकोपीजी २ (पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी) आहे आणि ती सगळ्यांनाच बसवायला लावलीय. नव्या उबुंटूवर ती सोर्समधून बांधायला जाते आणि ‘पीजी कॉन्फिग सापडत नाही’ म्हणून कोसळते, कारण पोस्टग्रेसची डेव्हलपमेंट पॅकेजेस तिथे नसतात. ज्याला पोस्टग्रेस म्हणजे काय हेच माहीत नाही त्याच्या तोंडावर ही एरर! ती डिपेंडन्सी सर्व्हरच्या यादीत न्या. सर्व्हरच्या फाइलीत मग मोकळेपणाने लिहा: कुठली पॅकेजेस आधी लागतात, जँगोचा रनसर्व्हर खऱ्या वापरासाठी नाही, डिबग बंद कसं करायचं, बॅकअप कधी. तो वाचक बसून वाचणारा असतो.

आता पायऱ्या कशा लिहायच्या. इथे मी थोडं रेंगाळणार आहे, कारण माझी स्वतःची फजिती इथेच झालीय.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीत आमच्या टीमची सेटअपची फाइल मी लिहिली होती. बारा पायऱ्या, प्रत्येक तपासलेली, मला तिचा अभिमान वगैरे होता. नवा मुलगा आला, सोमवारी बसला, बुधवारी दुपारी बिचारा लाजत लाजत माझ्याकडे आला. सातवी पायरी होत नव्हती. मी त्याच्या खुर्चीत बसले, मलाही होईना. तासाभराने सापडलं: एक एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रामना मिळणारी सेटिंग) मी चार वर्षांपूर्वी माझ्या बॅशआरसीत (टर्मिनल उघडताच वाचल्या जाणाऱ्या फाइलीत) घालून ठेवलं होतं आणि विसरून गेले होते. फाइल तपासलेली होती खरी, पण माझ्या मशीनवर. माझ्या मशीनला सगळं आधीच ठाऊक होतं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करते. एक, कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर (सॉफ्टवेअरमधल्या नकली पीसीवर) किंवा कंटेनरमध्ये पहिल्या अक्षरापासून फक्त कॉपी-पेस्ट करत जाते. हाताने एक शब्दही टाइप करायचा नाही. दुसरी जास्त उपयोगी: कोणाला तरी बसवते आणि मागे हात बांधून उभी राहते. बोलायचं नाही हा नियम. फार अवघड जातो.

मागच्या वर्षी कर्वे रस्त्यावरच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये शनिवारी असं सत्र घेतलं. एक मुलगी स्वतःचा विंडोज लॅपटॉप घेऊन आली होती. पहिली कमांड तिने रीडमीतून उचलली, ओळीच्या सुरुवातीचं डॉलरचं चिन्हही उचललं, आणि कमांड प्रॉम्प्टने तिला सांगितलं की डॉलर नावाचा कुठला प्रोग्राम नाही. ते चिन्ह म्हणजे प्रॉम्प्ट, ते टाइप करायचं नसतं, हे तिला कोण सांगणार? चिन्ह काढलं, पुन्हा. पायथन असं टाइप केलं तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं. विंडोज १० पासून पायथन नसेल तर ते असंच करतं. पायथन बसवलं, पण इन्स्टॉलरमधल्या पाथच्या (कमांड कुठे शोधायची त्या यादीच्या) चौकटीवर टिक केली नाही, कारण ती आपोआप केलेली नसते. पुन्हा पहिल्यापासून. मग व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (प्रकल्पापुरतं वेगळं पायथन) चालू करायला गेली तर पॉवरशेलने (विंडोजच्या दुसऱ्या कमांड खिडकीने) स्क्रिप्ट चालवायला नकार दिला. चाळीस मिनिटं गेली आणि माझ्या प्रोजेक्टचा कोड अजून एकदाही चालला नव्हता. ती म्हणाली, "मॅडम, मला बहुतेक हे जमत नाही." त्या चार अडथळ्यांपैकी एकही तिचा नव्हता.

म्हणून कोड ब्लॉकमध्ये प्रॉम्प्टचं चिन्ह कधीच घालू नका. कमांड आणि तिचं आउटपुट एकाच ब्लॉकमध्ये मिसळू नका. विंडोजसाठी पॉवरशेल की कमांड प्रॉम्प्ट ते एकदा ठरवा आणि ते उघडायचं कसं इथपासून सांगा. प्रत्येक पायरीनंतर काय दिसायला हवं ते एका ओळीत लिहा, आणि नेहमीची एरर माहीत असेल तर ती तिथेच, त्या पायरीखाली. शेवटी ‘ट्रबलशूटिंग’ म्हणून जो मोठा भाग तुम्ही ठेवलाय तिथपर्यंत अडलेला माणूस पोचत नाही. तो जिथे अडला तिथेच बघत बसतो. एररचा मजकूर पडद्यावर येतो तसाच, शब्दाला शब्द ठेवा, कारण लोक तोच गूगलमध्ये टाकतात. आणि ‘फक्त’, ‘नुसतं’, ‘सोपं आहे’ हे शब्द शोधून काढून टाका. तुमच्या फाइलीत मी नऊ मोजले.

आवृत्त्या स्पष्ट लिहा. ‘पायथन ३ लागतं’ याला आज काही अर्थ नाही. उबुंटू २२.०४ वर ३.१० आहे, २४.०४ वर ३.१२, आणि ३.१२ मधून डिस्टयूटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल) काढून टाकलंय, त्यामुळे तुमची एखादी जुनी डिपेंडन्सी तिथे मरते. तुम्ही स्वतः कशावर आणि कधी चालवून पाहिलंत ते तारखेसह लिहा. वाचणारा माणूस मग स्वतः अंदाज बांधू शकतो.

कारण सूचना नासतात. तुम्ही काहीही न करता नासतात. तुमच्या रीडमीत सुडो लावून थेट पिप इन्स्टॉल आहे. २०२१ मध्ये ते चाललं असेल. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं आणि तेव्हापासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप असं काही बसवू देत नाही, उबुंटू २४.०४ वरही तीच एरर येते. आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट बनवायला लागतं, आणि त्यासाठीचं वेन्व्ह पॅकेज डेबियन-उबुंटूवर वेगळं घ्यावं लागतं, हे लिहायला सगळे विसरतात. डॉकर कंपोजचंही तसंच: मधे हायफन असलेली जुनी कमांड जुलै २०२३ पासून वाऱ्यावर सोडलेली आहे, तुमच्याकडे अजून तीच आहे. डॉकरबद्दल एक सांगू का? सर्व्हरवाल्यासाठी ठेवा. ग्रंथालयातल्या जुन्या पीसीवर डॉकर डेस्कटॉप म्हणजे आधी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय), मग बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करणं. ‘डॉकरने एका कमांडमध्ये’ हे वाक्य त्या माणसाला लागू नाही.

नासण्यावर माझा उपाय यांत्रिक आहे. रीडमीतल्या कमांड जिथे लिहिल्यात तिथूनच उचलून सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) चालवायच्या. पंधरा-वीस ओळींची स्क्रिप्ट पुरते: मार्कडाउन फाइलीतले (रीडमी अशाच मांडणीत असतो) शेलचे, म्हणजे कमांडचे, ब्लॉक काढायचे, एकामागून एक कोऱ्या मशीनवर चालवायचे, शेवटी लॉगिनचं पान येतंय का बघायचं. गिटहबवर सार्वजनिक प्रकल्पांना नेहमीचे उबुंटू आणि विंडोजचे रनर (ही कामं चालवणारी मशीन) फुकट आहेत. आठवड्यातून एकदा आपोआप चालेल असं लावा. एक खाचखळगा: सार्वजनिक रिपॉझिटरीत साठ दिवस काही हालचाल झाली नाही की गिटहब असं वेळापत्रकाचं काम स्वतःहून बंद करतं. प्रकल्प शांत असतो तेव्हाच ते बंद पडतं, म्हणजे नेमकं नको तेव्हा. पॉवरशेल आडवं येणं वगैरे सीआयला दिसत नाही, त्याला माणूसच लागतो.

आणि एक कमांड एकाच ठिकाणी. रीडमीत, विकीत, वेबसाइटवर अशी तीन ठिकाणी असेल तर दोन ठिकाणची चुकीची आहे असं खुशाल धरून चाला.

आता भाषा. तुम्ही सगळं दोन्ही भाषांत करायचं म्हणताय. करू नका. सहा महिन्यांत इंग्रजी पुढे जाईल आणि मराठी मागे राहील, आणि मागे राहिलेल्या सूचना नसलेल्यांपेक्षा वाईट, कारण त्यावर विश्वास बसतो. वाटणी करा. ग्रंथालयाच्या पीसीसाठीची फाइल फक्त मराठीत, तिचं इंग्रजी नकोच. सर्व्हरची आणि डेव्हलपरची फक्त इंग्रजीत. रीडमी इंग्रजी राहू दे, पण पहिली ओळ मराठीत आणि तिथेच मराठी फाइलीचा दुवा. मराठी फाइलीत बटणांची आणि चौकटींची नावं मात्र पडद्यावर दिसतात तशी रोमन अक्षरांत ठेवा, भाषांतर केलंत तर माणूस ‘पुढे’ नावाचं बटण शोधत बसेल. अंकांचंही तेच. हे उत्तर मी देवनागरीत लिहितेय ते चालतं, पण ब्राउझरच्या पत्त्यात पोर्ट ८००० असा देवनागरीत टाकला तर पान उघडत नाही. मराठी कीबोर्ड चालू राहून गेलेल्या माणसाकडून हे हमखास होतं.

आणि कमांड व्हॉट्सॲपवर पाठवणं बंद करा. दोन ताऱ्यांमधला मजकूर ते ठळक करतं आणि तारे खातं. दोन अंडरस्कोअरमधला तिरका करतं. वर्डमध्ये टाइप केलं तर दोन हायफनचा एक लांब डॅश होतो. तुम्ही बरोबर पाठवता, तिकडे चुकीचं पोचतं. फोन आला तर फाइलीतल्या त्या पायरीचा दुवा पाठवा. गिटहब प्रत्येक शीर्षकाला दुवा देतंच. त्या पायरीत उत्तर नसेल तर आधी ते तिथे लिहा, मग पाठवा. माझ्याकडे फोन कमी झाले ते याच सवयीने.

सुरुवात कुठून करू असं वाटत असेल तर सहाशे ओळींना हात लावू नका. कोरी फाइल उघडा आणि विंडोजच्या एका मार्गाच्या मराठी पायऱ्या आठवणीतून न लिहिता, कोऱ्या मशीनवर करत करत लिहा. ते झालं की तुमच्या जवळच्या ग्रंथालयात जा, सकाळच्या गर्दीच्या वेळी नको, दुपारी, आणि ग्रंथपालांना त्यांच्याच पीसीवर बसवायला सांगा. तुम्ही मागे उभे राहा आणि वहीत लिहा की कुठल्या ओळीवर त्यांनी मान वळवून तुमच्याकडे पाहिलं. मग ती वही घेऊन घरी या आणि त्या ओळी बदला. जुन्या रीडमीतलं काय उरवायचं ते त्यानंतर बघू. नवी फाइल झाली की इथे टाका, मी माझ्या घरच्या जुन्या विंडोज लॅपटॉपवर चालवून बघते.